खांद्यावरची गोणी

आमच्या देऊळगाव राजाच्या मैदानावर व्यायामाचं सगळं शास्त्र चार शब्दांत संपतं: जास्त वजन, जास्त ताकद. तिथले प्रशिक्षक हे स्वतः लावलेल्या शोधासारखं सांगतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींकडून ते जंप स्क्वॉट करून घेतात. प्रत्येकीने घरून वाळूची गोणी भरून आणायची, खांद्यावर घ्यायची, खाली बसायचं आणि उडायचं. कधी तीच गोणी छातीशी धरून, कधी दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन. उडायचं म्हणजे नावालाच. वीस किलोच्या ओझ्याखाली बहुतेकींच्या टाचाच काय त्या उचलल्या जातात, आणि त्यावर हे गृहस्थ टाळ्या वाजवतात.

माझ्या मुलीला तिथे तिची आई न्यायची. बायको वारून चार महिने झाले; आता मी नेतो आणि कडेला पुस्तक उघडून बसतो. पान उलटत नाही.

भरतीला महिना उरला असताना मुलीच्या गोणीची शिवण उसवली. प्रशिक्षकांनी स्वतः भरलेली दुसरी दिली. तीन दिवसांत तिचा उजवा गुडघा सुजला. मी शिक्षक. वाचून, टिपणं काढून त्यांच्याकडे गेलो. उडीला वजन हलकंच हवं, उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो, असं समजावू लागलो.

"सर, पुस्तकं वाचून पाय बनत नसतात," ते म्हणाले. "इतके काऊन घाबरून राह्यले? हिची आई होती तवा हीच पोरगी वीस किलो घेऊन हरणासारखी उडे. तुमच्या लाडानं ढिली पडली."

पोरी हसल्या. माझी मुलगी खाली पाहत राहिली.

घरी येऊन जुनी गोणी फेकायला उचलली, तर ती एका हातात आली. चार महिन्यांत मी तिला एकदाही हात लावला नव्हता. आत वर वाळू होती आणि खाली सगळं तुरीचं कुटार, गुरांना घालतात तो हलका भुसा.

"आईनं भरली होती," मुलगी म्हणाली. "मैदानावरच्या सरांनी हात घालून पाहिलं तर वाळू लागावी म्हणून वर तेवढी."

"मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणायची, तुझे बाबा वाद घालायला जातील."

आणि मी तेच करून आलो होतो. माझ्या दोन पदव्यांना त्या मैदानावर हशाच मिळाला. सातवी शिकलेल्या बाईने वाद न घालता पोरीचे गुडघे वाचवले होते.

मुलीला ताप आहे, असा खोटा निरोप पाठवून आठ दिवस घरी ठेवलं. शेजारच्या गोठ्यातून कोरडं कुटार मागून आणलं, जुन्या गोणीत भरलं, वर वाळू पसरली आणि दाभणाने वेडीवाकडी शिवण घातली. सूज उतरल्यावर प्रशिक्षकांची गोणी त्यांना परत केली. "आईचीच वापरते," मुलगी म्हणाली.

ती उडाली.

"पाहा सर!" ते ओरडले. "वजन कमी केलं नाही, म्हणून जमलं!"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो.

मुलगी पुन्हा खाली बसली. या खेपेला तिचे दोन्ही पाय जमिनीपासून चांगले वीतभर सुटले.