दोन गाठींची सुतळी

तुमच्या गावची गाडी बंद पडली, तेव्हा तुम्ही काय केलंत? मी पत्रक लिहिलं होतं. आमच्या छोट्या रेल्वेगाडीचं नाव शकुंतला, म्हणून ‘शकुंतलेला अखेरचा निरोप’ असं त्याला ठळक शीर्षक दिलं आणि दर्यापूरच्या बसस्थानकावर उभी राहून स्वतः वाटलं. लोकांनी वाचलं, हळहळले आणि जीपमध्ये दाटीवाटीने बसून निघून गेले. ते परत द्यायला एकच माणूस घरी आला. आमच्या गल्लीतले सलीमचाचा. मूर्तिजापूर-अचलपूरच्या त्या अरुंद रुळांवर हातोडा घेऊन रोज मैलोनमैल चालणारे, रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या ढिल्या झाल्या की ठोकून घट्ट करणारे. सगळे त्यांना चाबीवाले म्हणत. पत्रक माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, “हे मेल्यावर लिहितेत. मेलं कोन, ते सांग मले.”

सात आठवड्यांपूर्वी मी अकोल्यात छापखान्यात प्रुफं तपासत होते, तेव्हा त्यांची मुलगी नाझनीन हिचा बुडापेस्टहून फोन आला. अब्बू गेले, दर्यापूरच्या घरीच, एवढंच ती म्हणाली... मागे छपाईयंत्र चालूच होतं.

नाझनीन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. बुडापेस्टला औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तशी तिने ‘एकदा इकडे या’ म्हणून वडिलांच्या मागे टुमणं लावलं, आणि सोबत म्हणून मलाही बोलावलं. चाचा नोकरीतून निवृत्त झाले होते, गाडी थांबून काही काळ लोटला होता. शेतीने माणसं खचवली त्याच वर्षांत ती थांबली, त्यामुळे एवढं सगळं गेलं, त्यात एका गाडीचं काय, असं शहाणी माणसंही म्हणायची. मीही मनातून तेच धरून चालले होते. नाहीतर निरोप कशाला लिहिला असता?

बुडापेस्टला पहिले दोन दिवस नाझनीनने आम्हाला राजवाडा, नदीवरचे पूल, संसदेची इमारत असं सगळं दाखवलं. चाचा शहाण्या मुलासारखे मान वर करून बघायचे. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्हा दोघींना म्हणाले, “महाल झाले पाहून. आता इथले रूळ दाखवा.” नाझनीनने कपाळाला हात लावला. पण शहराबाहेरच्या टेकडीवर, रानातून जाणारी एक छोटी गाडी आहे, तिकीट देण्यापासून झेंडी दाखवण्यापर्यंतची बरीच कामं तिथे शाळकरी मुलं करतात, हे तिलाच ठाऊक होतं. दुपारी आम्ही तिथे पोचलो.

स्टेशनच्या टोकाला, गाडी नसताना, चाचा उकिडवे बसले आणि कोटाच्या खिशातून सुतळी काढली. दोन गाठी मारलेली, हाताळून काळी पडलेली. आपल्या रुळांमधलं अंतर त्या दोन गाठींमध्ये होतं. दर शुक्रवारी नमाज झाली की ते आमच्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत चालत जायचे, झुडपं छाटायचे आणि जागोजागी ही सुतळी टाकून बघायचे. बंद गाडीचे रूळ फाकलेत का, हे बघणाऱ्या माणसाला गाव हसायचं. तीच सुतळी त्यांनी तिथल्या रुळांवर टाकली. डोळा बारीक करून म्हणाले, “बालभर कमी हाय. बाकी आपलीच.”

पुढे रानातल्या रस्त्यावर एक फाटक लागलं, पण तिथे माणूस कुणी नव्हता. आपल्याकडे अशा ठिकाणी गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा. शिट्टी ऐकू आली मात्र, चाचा रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे! समोरून आलेली मोटार करकचून थांबली. “थांब ना बावा, गाडी येऊन राहिली,” ते चालकाला म्हणाले. नाझनीन लाजून ओरडली, “अब्बू, ये दर्यापूर नहीं है.” त्यावर चाचांनी मान न वळवता, “फाटक तो फाटक है,” एवढंच सांगितलं. गाडी निघून गेली. शेवटच्या डब्याच्या दारात गणवेशातली बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, तिने त्यांना कडक सलाम ठोकला. चाचांनी टाचा जुळवून तो परत केला. मोटारवालाही हसला... आम्ही दोघी मात्र रडत होतो.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, “थे लोकं फिराले गाडी ठेवून राहिले. आपल्याले तं दवाखान्यात जायाले पाह्यजे होती.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “गाडी बंद हाय पोरी. रूळ बंद नाई झाले.” माझ्या सगळ्या पत्रकांत एवढं सरळ वाक्य नाही.

म्हणून हा निरोपाचा लेख फक्त चाचांसाठी आहे. शकुंतलेसाठी असा लेख मी पुन्हा लिहिणार नाही. सुतळी आता माझ्याकडे आहे. गेल्या शुक्रवारी फाटकापासून निघाले, पण निम्म्या वाटेतच थांबले. सात आठवड्यांत वेडी बाभूळ रुळांवर इतकी माजली आहे की सुतळी टाकायला जागा नाही. गाडी मागायला जाऊ तेव्हा रूळ दिसले पाहिजेत. जे दिसत नाही, ते नव्हतंच म्हणायला कुणाला वेळ लागत नाही.

तर येत्या रविवारी सकाळी सात वाजता दर्यापूरच्या फाटकावर या. पायात जाड चप्पल घाला, बाभळीचा काटा वाईट असतो. या वेळी मी पत्रकं वाटणार नाही. विळे वाटीन.