दांड्यावरचा हात

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्यामागच्या चित्रातला हात कुणाचा?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहिलं. राहिलेली कामं मला चालत नाहीत, म्हणून लिहिते.

जुन्या इमारतीत आमच्या समोर राहणाऱ्या सरांइतका, एका जागी बसून दुसऱ्याच्या घराची घडी विस्कटणारा माणूस अख्ख्या पुण्यात नसेल. जन्मभर गणित शिकवलं, पण शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षेत स्थिरचित्रात नापास झाले होते, तो राग सत्तरीनंतरही गेला नव्हता. फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपने आव्हान दिलं: दर आठवड्याला एक स्थिरचित्र, वर्षभर, खंड पडला की बाद. सरांनी आव्हान घेतलं आणि वस्तू माझ्या घेतल्या. त्यांच्या घरात सगळे प्लास्टिकचे डबे. "प्लास्टिकची सावली पोरकट पडते, वहिनी." माझी किसणी गेली, खलबत्ता गेला, एकदा चिरायला काढलेला लाल भोपळा उचलून नेला आणि आम्ही पिठलं खाल्लं. शिवाय एकदा मांडलेली वस्तू हलवायची नाही, आणि चित्र फक्त सकाळच्या उन्हात काढायचं. ऊन सरकलं की पेन्सिल खाली. वस्तू मात्र तिथेच.

होळीच्या तोंडावर त्यांनी पुरणयंत्र नेलं. होळीच्या सकाळी डाळ शिजली, गूळ आटला, यंत्र समोरच्या घरात. पुरण गरम असतानाच वाटावं लागतं, हे गणितात शिकवत नसावेत.

"सर, यंत्र."

"दांड्याची सावली राहिलीये. आठवडा आज संपतो. खंड पडेल."

"आणि माझ्या पुरणाचा दगड होईल."

"अहो, मी अडवलंय का? इथेच वाटा. फक्त यंत्र हलवू नका."

गरम पातेलं घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि उभ्याने पुरण वाटलं. मध्येच म्हणाले, "थांबा. दांडा असाच धरा." मी धरला. का धरला, ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी चित्र इमारतीतल्या सगळ्यांच्या फोनवर. दांड्यावर माझा हात, बांगड्यांसकट. निर्जीव वस्तूंमध्ये, किसणी आणि भोपळ्याच्या पंक्तीला. रंगपंचमीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग जिन्यात त्यांनीच सांगितलं. आव्हानवाल्यांनी कळवलं होतं, स्थिरचित्रात माणूस चालत नाही, हात खोडून पाठवा. सरांनी खोडला नाही. बाद झाले.

"एवढं वर्ष होत आलं होतं," मी म्हटलं. "खोडायचा की."

"दांडा मग काय हवेत फिरणार? जे समोर दिसलं ते काढलं. या वेळी पास आहे मी."

इमारत आता पाडली. सर मुलाकडे हडपसरला गेले, आम्ही या भाड्याच्या घरात. सामान हलवताना यंत्राचा दांडा कुठे पडला तो सापडलाच नाही. यंदा पोळ्या विकत आणल्या; पुरण भरड होतं. जाताना सर चित्र देऊन गेले. त्यात दांडा आहे, आणि दांड्यावर माझा हात आहे.