पाठ फिरवणाऱ्यांचा कोपरा

केप टाउनच्या ॲथलोन वस्तीत बुता गसांतकडे सूट शिवायला टाकला की दोन गोष्टी ठरलेल्या. सूट ईदच्या आदल्या दिवसाआधी हाती पडायचा नाही, आणि माप देता देता रग्बीवरचं व्याख्यान फुकट ऐकावं लागायचं. बुता म्हणजे दादा. शेंबड्या पोरांपासून पिकल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला बुताच म्हणत. हात सोन्याचा होता त्याचा, पण जिभेला हाड नव्हतं.

न्यूझीलंडचा सामना जवळ आला की सूट बाजूला पडत. काळ्या कापडाचे तागे निघत आणि त्यांचे झेंडे होत, मधोमध रुपेरी नेच्याचं पान. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांत तेच फडकायचे. घरं केप टाउनची आणि टाळ्या समुद्रापलीकडच्या संघाला! बाहेरगावचं एखादं गिऱ्हाईक बिचकत विचारी, "काय हो बुता, खाता इथलं आणि ओरडता त्यांच्यासाठी?"

"खातो ते माझ्या सुईचं," गसांत तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणे. "ज्यांनी मला तारेच्या जाळीमागे बसवून खेळ दाखवला, त्यांच्यासाठी घसा फोडू? जा, तुझी विजार आता आखूडच शिवतो!"

जाळीचं खोटं नव्हतं. मोठ्या स्टेडियममध्ये काळ्या-सावळ्यांना एक कोपरा दिलेला होता, गोलच्या खांबांमागे, भर उन्हात. गोऱ्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं की सगळं स्टेडियम उभं राही. कोपराही उभा राही, पण मैदानाकडे पाठ आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. गीत संपलं की सगळे वळत आणि पाहुण्या संघासाठी असे बोंबलत की गोऱ्यांच्या हातातले बिअरचे ग्लास हिंदकळावेत.

गसांत स्वतः बरा खेळायचा. पण त्याच्या धाकट्या भावाची, युसरीची, गोष्टच वेगळी. चेंडू हातात आला की तो पोरगा कडेकडेने असा सुटे की मागचे धावायचे थांबून नुसते बघत राहत. दोघं आपल्या लोकांच्या संघात खेळत, अर्धं गवत आणि अर्धी खडी असलेल्या मैदानावर. गुडघे कायम सोललेले. संघाचा नियम एकच होता: या देशात सगळे सारखे होत नाहीत तोवर गोऱ्यांच्या संघात पाऊल टाकायचं नाही. जो टाकेल त्याच्याशी बोलणं बंद, लग्नाचं बोलावणं बंद.

आणि टाकलं कुणी, तर युसरीने. परदेशी संघ दौऱ्यावर येणार होता. गोऱ्या साहेबांना चार सावळे चेहरे दाखवायला हवे होते.

"बुता, दोन वर्षांनी माझे पाय असे राहणार नाहीत," तो दुकानात येऊन म्हणाला. "एकदाच. मला एकदाच खऱ्या गवतावर पळू दे."

"पळ की. पण मग पळतच राहा. या उंबऱ्याकडे वळू नकोस."

सामन्याच्या दिवशी गसांत कोपऱ्यात जाऊन बसला, सख्ख्या भावाविरुद्ध ओरडायला. गीताचे सूर उठले तशी सगळ्यांत आधी त्याने पाठ फिरवली. मागे गोऱ्यांच्या बाजूने एकाएकी हुर्यो उठली, शिट्ट्या, शिव्या. आपल्याला शिव्या घालतायत, नेहमीचंच, असं म्हणून कोपऱ्याने ढिम्म मान वळवली नाही.

त्यानंतर युसरीला पुन्हा कधी निवडलं नाही. "वापरला आणि फेकला!" गसांत दुकानात म्हणाला. खोटं कशाला बोला, त्याला आतून बरंही वाटलं. नेमकं काय झालं ते कुणाच्या कानावर आलं असेलही. पण गसांतसमोर युसरीचं नाव काढायची प्राज्ञा कुणाची होती? नाव निघालं की तो कात्री आपटे.

दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोघांचे संसार वाढले, केस पिकले. आईच्या जनाज्याला एकाने एका बाजूने खांदा दिला, दुसऱ्याने दुसऱ्या. गसांतची बायको गालीमा फटकळ. ती म्हणायची, "नमाज संपताना उजवीकडे मान वळवून सलाम करतोस ना? मशिदीत तुझा भाऊ तिथेच बसलेला असतो. तेवढ्यात त्यालाही करून टाक, कुणाला कळतंय!"

"मला कळतंय," गसांत म्हणे.

मग दिवस पालटले. जुनं सरकार गेलं, जुना झेंडा उतरला. सहा रंगांचा नवा झेंडा आला, जुन्या गीताच्या जोडीला काळ्यांचं गीतही राष्ट्रगीत झालं. रग्बीचा विश्वचषक इथेच भरला आणि अंतिम सामना पडला तो नेमका न्यूझीलंडशी. ज्या खिडक्यांत काळे झेंडे असायचे, त्यांतल्या कितीतरींत आता रंगीत झेंडे दिसायला लागले. गसांत त्या खिडक्यांखालून तोंड वाकडं करून जाई.

सामन्याआधी युसरी दुकानात आला. कपाळावरचे केस मागे सरकलेले, काखेत कापडाचं पुडकं.

"बुता, झेंडा शिवून दे. लोक बाजारातले घेतायत. मला तुझ्या हातचा हवाय. आता तर तो आपला आहे ना?"

गसांतने सवयीने हिरवं कापड चिमटीत धरून पाहिलं. कापड चांगलं होतं. त्याच्या मनात आलं, शिवावा. पण लगेच दुसरंही आलं: आज हा आपला म्हटला, तर युसरीचं चुकलं ते इतकंच की तो थोडा आधी निघाला. मग इतकी वर्षं मी काय केलं? या विचाराची त्याला भीतीच वाटली, आणि भ्यायला की तो हटकून वाईट बोलायचा.

"त्यांच्याकडे गेलास तेव्हाच शिवून घ्यायचास. तुझं काम मी करत नाही."

युसरीने कापड हातात घेतलं. "बुता, त्या दिवशी तू कोपऱ्यात होतास ना? बघितलंस ना?"

"बघितलं. सगळं बघितलं."

हे ऐकून युसरीचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्याने कापडाची घडी घातली आणि निघून गेला. निर्लज्ज आहे, असं गसांत पुटपुटला.

पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, युसरी न्याहारी करता करता गेला. गसांत वहाणा न घालताच धावला. दफन करून माणसं पांगली, तेव्हा युसरीच्या बायकोने, रुगायाने, त्याला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला.

"बुता, तुम्ही बोलत नव्हतात तरी त्याने तुमच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही," ती म्हणाली. "म्हणायचा, बुताने बघितलंय, मला तेवढं पुरे. बाकी राग काय, जाईल कधीतरी."

गसांतने चहाचा कप उचलला.

"आधी त्याला खात्री नव्हती, तुम्ही बघितलं की नाही याची. त्या सामन्याला गीत सुरू झालं तशी याने भर मैदानात, सगळ्या संघासमोर झेंड्याकडे पाठ फिरवली. तुमच्या कोपऱ्यासारखीच. केवढी हुर्यो झाली म्हणे! त्यापायीच पुढे सगळं बंद झालं. पण तुम्ही लोक पाठमोरे. तो म्हणायचा, एवढ्या आरड्याओरड्यात बुताने एकदा तरी मान वळवली असेल. मग दुकानात तुम्हीच सांगितलंत, बघितलं म्हणून. घरी येऊन लहान पोरासारखा रडला हो."

गसांतने कप बशीत ठेवला. मी नाही बघितलं, रुगाया. मी तेव्हा भिंतीकडे बघत होतो. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण सांगून कुणाचं भलं होणार होतं? ज्याची माफी मागायची तो मातीत होता आणि हिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच.

रुगायाने ओढणीने डोळे पुसले. "मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. कसा दिसत होता हो तो?"

गसांतला युसरीची पाठ ठाऊक होती. अबोला धरायच्या आधी, युसरीच्या लग्नाचा कोट त्यानेच शिवला होता.

"ताठ होता," तो म्हणाला. "डावा खांदा जरा उतरलेला. मान ताठ. एकदासुद्धा हलला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बघत होतो," गसांत म्हणाला.