जागेखाली काय आहे?

भद्रावतीच्या बाजूला एका कोळसा कंपनीच्या ग्रंथालयात मी एकदाच गेलो. आमच्या शाळेची नवी खोली जिथं बांधायची होती, त्या जागेखाली जुनी खाण आहे का, एवढंच विचारायचं होतं. ग्रंथपालबाई पन्नाशीच्या होत्या. पुस्तकांची कपाटं बरीचशी हलवून तिथं कम्प्युटर ठेवला होता. बाईंनी माझा प्रश्न कम्प्युटरला विचारला. लगेच उत्तर आलं, तिथं खाण नाही.

मी उठलो, तर बाई म्हणाल्या, "थांबा गुरुजी."

आतून त्यांनी एक कापडी नकाशा आणला आणि ओढणीनं त्यावरची धूळ पुसली. आमच्या जागेखालून बोगद्याची लाल रेघ गेली होती.

"मग खरं कोणतं?" मी विचारलं.

चष्मा काढून बाईंनी एकदा नकाशा, एकदा कम्प्युटर पाहिला. "पहिले लोक मले पुस्तक कुठी आहे ते विचारत. ते मले मालूम राहे. आता कम्प्युटर सांगते ते खरं आहे का, हे विचारतात. मले नाई मालूम, गुरुजी."

'दोन्ही जुळत नाहीत' असं त्यांनी कागदावर लिहून, सही करून दिलं.

खोली आम्ही दुसरीकडे बांधली. आधीच्या त्या मोकळ्या जागेवर पोरं कबड्डी खेळतात. त्यांना थांबवावं की नाही, हे मला अजून कळत नाही.