सोबतीचा घास

त्या वर्षी देवापुढे दिवा लावताना माझे हात नुसते सवयीने हलत होते. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळजवळ थांबलं. आता घरीच सेवा करा, असं सांगून इस्पितळातून आम्हाला घरी पाठवलं. घरी करणारं कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही. यजमान कन्हानला खाणीत नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येत. मी सक्करदऱ्याच्या शाळेत शिकवत होते. मी निघाले की मामंजी दिवसभर एकटे. पुढे तर त्यांनी अन्नच सोडलं. सुनेच्या हातून भरवून घेण्याची त्यांना लाज वाटे. ते तोंड भिंतीकडे फिरवत आणि मी वाटी परत नेई.

एका संध्याकाळी दत्ताच्या देवळात गेले, पण मागावं काय तेच सुचेना. पायरीवर बसले आणि रडू आवरेना. शेजारी एक म्हातारी टेकली होती. नरखेडकडची, लेकीकडे राहायला आलेली.

"काहून रडून राहिली वं बाई?"

मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "चाल, मले घर दाखव."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघण्याआधी ती भाकर फडक्यात बांधून हजर. अनोळखी बाईवर घर सोडायचं, या विचाराने शाळेत माझं लक्ष लागलं नाही. धावतच परतले. ती मामंजींच्या खाटेजवळ बसली होती, मामंजींची वाटी भरलेली, तिची भाकर तशीच बांधलेली.

"दोपारपासून सांगून राहिली तुह्या सासऱ्याले," ती शांतपणे म्हणाली, "तुमी जेवल्याबिगर मी नाई जेवत."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डावा हात हळूहळू वाटीकडे नेला. घास सांडला, पुन्हा उचलला. तिने मदत केली नाही, नुसती वाट पाहिली आणि मग आपल्या भाकरीचं फडकं सोडलं. जेवता जेवता मामंजी अडखळत माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना... ताक दे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. तिचं पाहून गल्लीतल्या दोघीतिघी आळीपाळीने डोकावू लागल्या. मामंजी पुन्हा चालले नाहीत, पण अंगणात बसू लागले, बोलू लागले, आणि पुढे आपल्या घरात, आपल्या माणसांत शांतपणे गेले.

ती गावी निघाली तेव्हा मी तिच्या पाया पडले. म्हटलं, "तुम्हाला दत्तानंच पाठवलं."

तिने मला उठवलं. "माहा मालक गेला तवापासून मी एकटीच जेवत होती वं. तुह्या सासऱ्यानं मले सोबत देल्ली."

मी तोवर देवाकडे बळ मागत होते, सारं एकटीने पेलण्याचं. त्याने ते दिलं नाही, याबद्दल आज मी त्याची ऋणी आहे. कुणी घर दाखव म्हणालं, तर दार उघडून बाजूला व्हावं. माझ्यापुरती देवापुढची शरणागती तेवढीच.