पाहुण्यांच्या गाडीचे टायर

"कवठ्याचं ते अमोल, इस्लामपूरला पोरगी बघायला निघालंय. पर त्ये तर वडाप करतंय गड्या! भाडं घेताना म्या सोत्ता..." एवढं बोलून तो माणूस एसटी आली म्हणून पळालाच! अर्धी बातमी कानात घेऊन मी स्टँडवर उभा. असा संताप आला म्हणता!

अहो, गप्प कसा बसणार? उद्या हाच अमोल कवठे महांकाळहून आमच्या शेजारच्या तानाजीरावांच्या वैशालीला बघायला येणार. स्थळात सांगितलेलं काय? सांगलीत नोकरी, गाडी घरच्या वापराची. आणि हा वडाप करत, म्हणजे सीटा भरून भाडी मारत असला तर? पोरीच्या जन्माचा प्रश्न हो!

दुसऱ्या दिवशी पाहुणे आत पोहे खात होते आणि मी बाहेर गाडीपुढं ओणवा! टायरवर बनवल्याचा आठवडा आणि साल असतं, ते वाचलं. टायर दीड वर्षाचे, आणि झिजून पार तुळतुळीत! एवढ्या दिवसांत माझ्या टायरवरची नवेपणाची रबरी लवसुद्धा जात नाही. तडक आमच्या टायरवाल्याला फोन लावला.

"दीड वर्षात टायरला टक्कल पडतं का रं?"

"आवं, टायरवर झिजंचा आकडा असतुया, पर त्यो चांगल्या रस्त्यावर तपासल्याला. लय वजन भरलं, न्हाईतर खडी, खड्डं, कमी हवा..."

"लय वजन! बास!" फोन बंद. पुढचं ऐकायला वेळ कुणाला होता?

आत जाऊन तानाजीरावांच्या कानात सांगितलं. पण माझं कानातलं बोलणं म्हणजे देवळातला लाउडस्पीकर.

"पोरगं वडाप करतंय! टायर बघा जावा!"

सगळ्यांचे चमचे थांबले. तानाजीराव लालबुंद. "काय हो पाव्हणं, खरं हाय का?"

अमोल शांतपणे म्हणाला, "माणसं नेतो, खरं हाय. कवठ्याजवळच्या आमच्या वाडीच्या रस्त्यावर नुसती खडी टाकल्याली, एसटी येत न्हाई. सांगलीला जाताना म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात सोडतो. कवा कवा सातजण बसत्यात. टायर त्या खडीनं खाल्लं."

कुणी काही बोलायच्या आत वैशाली म्हणाली, "पप्पा, मला पसंत आहेत. फक्त टायर तेवढे बदला म्हणावं."

सगळे हसले. विषय मिटला होता की नाही? पण माझी जीभ!

"फुकट नेता?"

"व्हय. पर एक आजी लय हट्टी हायत. वीस रुपये ठेवल्याबिगर उतरत न्हाईत. वर गावभर सांगत्यात, मी भाडं देऊन जाते. म्हणत्यात, माझा जावई इस्लामपुरात लय मोठा माणूस हाय, मला कुणाचं फुकटचं नको."

कवठ्याकडच्या म्हाताऱ्या बायका कितीतरी, आणि त्यातल्या किती जणींचे जावई इस्लामपुरात! मी आपला छताकडं बघत बसलो.

"तुमी वळखता का वो त्यास्नी?" अमोलनं मलाच विचारलं.

"छे! मी कशाला वळखतोय?"

स्वयंपाकघरात पोहे करायला मदतीला आलेली माझी बायको झारा घेऊनच बाहेर आली.

"आवं, असं काय करताय? आईच की ती माजी!"