शिक्क्याला रकाना नाही

कोपरीच्या आसावरी टिपणीस एका सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीत बावीस वर्षं बसल्या, पण त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. वाचता न येणाऱ्यांच्या पुड्यांवर त्या सूर्य नि चंद्र काढून द्यायच्या, म्हणजे सकाळची गोळी कोणती ते कळावं. गेल्या वर्षी मात्र याच बाईंनी साहेबांच्या टेबलावर हात आपटला.

निमित्त झालं दिवा गावच्या प्राचीचं. तिला फिटचा आजार. दिवसाला दोन गोळ्या, एकही चुकवायची नाही. नोव्हेंबरपासून ती गोळी रुग्णालयात आलीच नव्हती. दर महिन्याला प्राचीची सासू रंगूबाई रांग लावून खिडकीशी यायची आणि आसावरीबाई चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही'चा शिक्का मारायच्या.

"बाहेरून घ्या मावशी, पण खंड पडू देऊ नका."

"घेतो ना बाई," रंगूबाई म्हणायची. घेत होते ते निम्म्याच. प्राची दोनाऐवजी एकीवर भागवत होती.

जूनमध्ये भाकऱ्या करताना तिला फिट आली आणि उजवा हात तापल्या तव्यावर पडला. चार दिवसांनी रंगूबाई तिला घेऊन आली. हाताला मनगटापर्यंत बँडेज. रंगूबाईने एका शब्दाने बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "आता तरी आलीय का गोळी?"

जेवणाच्या सुट्टीत आसावरीबाई डबा न उघडता जिल्ह्याच्या मुख्य औषधभांडारात गेल्या. तिथे महेंद्र कारकून होता.

"जुना करार ऑक्टोबरात संपलेला," तो म्हणाला. "नव्यासाठी एकच निविदा आली, म्हणून परत काढली. मेमध्ये झाला एकदाचा. माल आलाय की, मॅडम."

"मग आम्हाला का नाही?"

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "तुमची मागणी शून्य आहे. मागच्या सहा महिन्यांच्या खपावरून मागणी निघते. तुम्ही एकही गोळी वाटलेली नाही."

"नव्हतीच तर वाटू काय? रोज आठ-दहा शिक्के मारलेत मी!"

"शिक्क्याला रकाना नाही ना, मॅडम."

परतताना त्यांना स्वतःचीच चीड आली. खपाचा तो तक्ता दर महिन्याला त्याच तर भरत होत्या. शिल्लक शून्य, वाटप शून्य, खाली सही.

मग नर्स मृणालला हाताशी धरून त्यांनी बाह्यरुग्ण विभागाच्या वह्या उपसल्या. तीन दुपारी गेल्या. त्या गोळीवर जगणारी दोनशे चौदा माणसं निघाली. सगळ्यांची नावं, गावं लिहून त्यांनी यादी रुग्णालयाच्या अधीक्षक साहेबांपुढे ठेवली.

"तक्त्याच्या नमुन्याबाहेर मागणी पाठवता येत नाही, टिपणीसबाई."

हात आपटला तो तेव्हा. "सर, यातली एक पोरगी तव्यावर पडली! तुमच्या नमुन्यात माणसं मावत नसतील तर फाडा तो नमुना!"

दुसऱ्या दिवशी त्यांना उद्धट वर्तनाची नोटीस आली. त्यांनी तिच्यामागे ती यादी टाचली आणि थेट राज्याच्या आरोग्य संचालकांना पाठवून दिली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना हा उपद्व्याप कशाला, असं घरचे म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

ऑगस्टमध्ये गोळ्या आल्या. प्राचीला पुन्हा फिट आलेली नाही, पण तिची दोन बोटं आखडली ती आखडलीच. भाकरी आता रंगूबाई थापते. नोटीस अजून फायलीत आहे. संचालकांच्या कार्यालयातून यादीबद्दल एक ओळही आली नाही.

आणि तक्ता तसाच आहे. कोणतंही औषध संपलं की आसावरीबाई तक्त्याच्या समासात पेनाने लिहितात : 'मागायला आले, परत पाठवले, इतके.' वरून दर वेळी लाल शेरा येतो : 'समासात लिहू नये.'